धारेश्वरचा नवस

लातूरला नोकरी लागली तेव्हा खोलीसाठी मी बरीच घरं पालथी घातली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच असे, आडनाव काय? आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली निघे. त्या कालच्या एका दिवसात लातुरात इतक्या खोल्या गेल्या होत्या की नवा जिल्हा त्याच दिवशी भरून गेला असावा असं मला वाटायला लागलं.

शेवटी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत गेले. एक म्हातारा ओट्यावर उभा होता. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, अंगात बंडी आणि हातात धान्य मोजायचा पितळी शेर. मी म्हणाले, "खोली आहे असं कळलं." त्यानं मला नीट पाहून घेतलं.

"रोज पानी किती लागतं?"

"दोन घागरी."

"अन् डोकं धुताना?"

"एखादी जास्त."

"मग धुवायच्या दिशी तीन. खोली तुमची."

इतक्या घरांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी आपणहून म्हणाले, "माझं आडनाव..."

"आडनावाला येगळं पानी लागतं का?" म्हाताऱ्यानं विचारलं. मी नाही म्हणाले. "मग राहू द्या," असं म्हणून त्यानं किल्ली आणायला आत हाक मारली.

हे आमचे आप्पा. मूळचे उदगीरकडचे लिंगायत, गंजगोलाईत भुसार मालाचं दुकान. घरात ते आणि आक्का दोघंच. दोघं एकमेकांशी कानडीत भांडत आणि मराठीत गोड बोलत. सकाळी मला पाहिलं की आप्पा ओट्यावरून "शरणार्थ!" म्हणून ओरडत आणि मी "जयभीम, आप्पा!" म्हणून ओरडे. नांदेडहून आई मला भेटायला आली तेव्हा हा सोहळा पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "घर चांगलं बघितलंस."

तेव्हा दुष्काळ होता. नळ कधी येईल ते सांगायला ज्योतिषी लागे. अंगणात एक हौद होता आणि टँकरनं त्यात जे पडेल त्यावर आम्ही भाडेकरू जगत होतो. रोज सकाळी आप्पा स्वतः पाणी मोजून देत, आणि तेही त्या पितळी शेरानं. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. आप्पा पाण्यालाही तेच करत. "लाभ, दोन, तीन..." असा त्यांचा आवाज कानावर पडला की गल्ली जागी होई. माप शिगोशीग, वर ढीग चढवून द्यायचं ही त्यांच्या बापजाद्यांची रीत. पण पाण्याला शीग चढत नाही, आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. म्हणून घागर भरली की ते हौदातून एक ओंजळ घेत, वरून टाकत आणि म्हणत, "ही शीग." शेजारच्या खोलीत एक शाळामास्तर राहत. ते एकदा भिडेपोटी म्हणाले, "शीग राहू द्या आप्पा, टंचाई आहे." आप्पा दोन दिवस मास्तरांशी बोलले नाहीत. "मापात खोट ती खोट. मग तूर असो का पानी," असं ते मास्तरांना सोडून सगळ्या गल्लीला सांगत फिरले.

आप्पांचं दुसरं वेड म्हणजे जिल्हा. पूर्वी कोर्टाचं, कचेरीचं, कसलंही मोठं काम निघालं की उस्मानाबादची वाट धरावी लागे. आता कलेक्टर लातुरात बसत होते आणि त्यांच्या कचेरीत मी कारकून होते. आप्पा दिवसाआड संध्याकाळी धोतर सारखं करून निघत, कचेरीला बाहेरून एक चक्कर मारत आणि घरी येऊन सांगत, "जिल्ह्याला जाऊन आलो." कधी माझ्या खिडकीशी येत. काम काही नसे. "चाललंय न्हवं समदं नीट?" असं विचारत, जणू जिल्हा चालवायचा ठेका त्यांनीच मला दिला होता. कलेक्टरांची जीप दिसली की रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडत. मी एकदा सांगितलं की आप्पा, आज साहेब दौऱ्यावर आहेत, जीप रिकामी होती. ते म्हणाले, "मी सायबाला थोडेच हात जोडतो? जिल्ह्याला जोडतो."

जिल्हा झाला म्हणून नळाला पाणी आलं का, असं कुणी कुरकुरलं की त्यांचं उत्तर तयार असे. "पानी देवाकडं हाय, जिल्हा मानसाकडं व्हता. मानसानं आपलं काम केलं. आता देवाचं बगू."

या जिल्ह्यापायीच तो नवस होता. लातूर जिल्हा झाला तर गोकर्णापासून धारेश्वराच्या देवळापर्यंत समुद्राच्या काठाकाठानं चालत जाईन, सूर्य उगवताना निघून मावळायच्या आत पोहोचेन, आणि साऱ्या वाटेत कुठंही बूड टेकणार नाही, असं आप्पा फार वर्षांपूर्वी बोलून बसले होते. ही वाट त्यांना उदगीरच्या मठातल्या एका जंगमानं सांगितली होती. लोक पोरासाठी, खटल्यासाठी, म्हशीसाठी नवस बोलतात. जिल्ह्यासाठी बोललेला नवस गल्लीनं कधी ऐकला नव्हता, आणि गल्लीला त्याचं फार हसू येई.

जिल्हा तर झाला, पण हौद सोडून आप्पांचा पाय निघेना. असं करत वर्षं चालली. शेवटी आक्कांनी हत्यार उपसलं. "नवस शिळा झाला म्हंजी देव वळखत न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांनी शेर काढून मास्तरांच्या हाती दिला. मास्तरांना ‘लाभ’पासून शिगेपर्यंत सगळं शिकवण्यात आप्पांचा एक आठवडा गेला. आणि मला आक्का म्हणाल्या, "तूबी चल. ह्यांच्यासंगं एकटी मी येडी होईन."

मी म्हणाले, "आप्पा, मी देव मानत नाही."

"पाय तर मानता न्हवं? पायीच जायचं हाय."

मी समुद्र पाहिला नव्हता. रजा टाकली.

शिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर, चैत्राच्या तोंडाशी आम्ही निघालो. एस.ट्या बदलत, सोलापूर, हुबळी करत घाट उतरलो. आप्पांनी लातूरहून पाण्याची एक कळशी बरोबर घेतली होती, तोंडाला फडकं बांधून. परक्या मुलखात पाणी कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. ती कळशी त्यांनी सगळ्या प्रवासात मांडीवर बाळ घ्यावं तशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोकर्णाला देवाचं दर्शन घेतलं आणि वाळूत आलो. उजेड फुटत होता. समोर समुद्र. आक्कांनी हात जोडले. आप्पा मात्र थेट पाण्यात गेले, चूळ भरली आणि थू थू करत परत आले.

"एवढं पानी अन् समदं खारट? हे कुनाचं काम हाय?"

त्यांच्या लेखी हा उघड घोटाळा होता. बराच वेळ ते समुद्राकडे पाहत आणि मान हलवत चालत होते. सूर्य वर आला तसे मात्र खुलले. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर, वाट चुकायची सोय नव्हती. कधी वाळूतून, कधी कातळावरून, कधी काजूच्या झाडांतून आम्ही चाललो होतो. आप्पा पुढं, डोक्यावर कळशी. पासष्टीचा माणूस, पण चाल अशी की मी नांदेडची तरणीताठी पोर मागे पडत होते. मधेच ते वळून ओरडत, "जिल्ह्याच्या मानसानं असं चालावं व्हय?"

वाटेत एका घराशी थांबलो. घरधनीण बाई हसत आली आणि विहिरीतून बादली ओढून आमच्या पायांवर ओतायला लागली. आप्पा विंचू चावल्यासारखे मागे सरले. "पायावर? गोडं पानी?" बाईला त्यांची उदगीरची कानडी अर्धीच कळत होती आणि त्यांना तिची पाव. शेवटी आप्पा जाऊन माडाच्या आळ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "आता टाका. झाडाला तरी जाईल." बाईनं आनंदानं तीन बादल्या ओतल्या. विहिरीत डोकावून आप्पांनी पाहिलं तर पाणी हाताला लागेल इतकं वर होतं. डोक्यावरची लातूरची कळशी त्यांनी जरा मागे लपवल्यासारखी केली.

आम्ही दोघी ओट्यावर टेकलो, भाकरी सोडली. आप्पा माडाला पाठ लावून उभ्यानंच खात होते. दर घासाला पाय बदलत होते. मी आक्कांना हळूच म्हणाले, "एका जिल्ह्यासाठी एवढं? चालले हे ठीक, पण बसायचं नाही हे कशाला घातलं?"

आक्का माझ्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "गल्लीला जिल्हा ठाव हाय. तुला सांगते."

लग्नाला थोडेच दिवस झाले होते, तेव्हा ते रेणापूरकडच्या एका खेड्यात राहत. आक्का पहिलटकरीण होत्या. बाळंतपण अडलं. सुईणीनं हात टेकले, जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या म्हणाली. जिल्हा कोस न् कोस लांब. तुरीची पोती घेऊन चाललेला एक ट्रक मिळाला.

"पोत्यावर जागा फकस्त माझ्यापुरती. हे साऱ्या वाटंला उभे. एका हातानं दोर धरलेला, दुसऱ्या हातानं माझ्या तोंडावर सावलीला धोतराचं टोक. मी म्हनायची, जवळ बसा, मला भ्या वाटतं. पन बसायला जागाच न्हाई, तर बसतील कुठं? वाटंतच लेकरू गेलं. पोरगी व्हती." आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "पुढं काई झालं न्हाई आमाला. त्याच ट्रकात हे देवाला बोलले, आपल्या लातूरला जिल्हा होऊ दे. दुसऱ्या कुनाच्या बाईला एवढी वाट नको. मी अशीच उभ्यानं वाट चालून तुझ्या दाराशी येईन."

इतकी वर्षं ज्या नवसाला गल्ली हसत होती, त्याला मीही हसले होते. आता मला रडू आलं. पलीकडून आप्पा ओरडले, "बायांनो, सूर्य तुमच्या बापाचा नोकर हाय का? उठा!"

मग नदी आली.

जंगमानं सांगितलं होतं की मधे एक नदी लागते. मी निघण्याआधी विचारलंही होतं की आप्पा, नदीला पाणी असलं तर? ते खूप हसले होते. "चैतात? नदीला?" त्यांनी मांजरा आयुष्यभर चालत ओलांडली होती. उन्हाळ्यातली नदी म्हणजे वाळूचा पट्टा, मधे कुठं डबकं, डबक्यात म्हशी. नदी आडवी येते हे त्यांना ठाऊक होतं, पण अडवते हे कधी मनातच आलं नव्हतं. आमच्या गल्लीतही ते कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि आता समोर अघनाशिनी होती, भर उन्हाळ्यात काठोकाठ, समुद्राला मिळायला निघालेली. पलीकडचा काठ धूसर दिसत होता आणि मधे होड्या हिंदकळत होत्या.

आप्पांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. "पूल?" त्यांनी नावाड्याला विचारलं. त्यानं वरच्या अंगाला, डोंगराकडे हात केला. तिकडून वळसा घालून जायचं तर दिवस वाटेतच मावळला असता. आप्पा काठावर येरझारा घालायला लागले. पाणी पाहत होते, सूर्य पाहत होते. मग थांबले.

"पान्यावर चालता येत न्हाई हे देवालाबी ठाव हाय," ते म्हणाले. "पन उभं तर राहता येतं."

होडीत माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, एक सायकलवाला होता. सगळे खाली बसले. आप्पा मधोमध उभे, एक हात सायकलच्या दांडीवर. नावाडी ओरडला, "कूतको, कूतको!" आप्पांनी त्याला कानडीतूनच सांगितलं की बसणार नाही, नवस आहे. त्यावर तो जोरात काही बोलला आणि त्या बायका हसल्या. पण होडी सुटली. आप्पा ताठ उभे होते. पोहता येत नव्हतं, होडीत आयुष्यात पाय ठेवला नव्हता. ओठ हलत होते. ‘नमः शिवाय’ चाललं असावं.

मधोमध आलो आणि समुद्राची लाट नदीत शिरली. होडी एका अंगाला कलली. बायका सवयीनं हसल्या. आक्का मात्र पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी हात वर केला आणि आप्पांच्या धोतराचं टोक धरलं.

आप्पांनी खाली पाहिलं. आणि मटकन बसले.

नुसते बसले नाहीत, आक्कांचा हात घेऊन दोन्ही हातांत धरला. चारचौघांत बायकोचा हात धरलेला आमच्याकडचा म्हातारा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कोळणींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. आप्पांना त्याचं काही नव्हतं. काठ लागला, लोक उतरले, तरी ते बसलेलेच होते.

वाळूत पाय लागताच आक्कांना कंठ फुटला. "का बसलात? सकाळधरनं उभे, अन् इथं येऊन माती केली! एवढ्या वर्साचा नवस! मी काय मरत व्हते का?" त्या भांडत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

आप्पांनी कळशी उचलून डोक्यावर ठेवली. "तवा बसायला जागा न्हवती," ते म्हणाले. "आज व्हती."

सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात असताना आम्ही धारेश्वराच्या दाराशी पोहोचलो. पुजाऱ्यानं सगळी हकिकत ऐकून घेतली आणि सांगितलं की नदीत सगळेच बसतात, देवाला पोहोचलं, नवस फिटला असं समजा. आप्पांनी त्याला हात जोडले. "तुमी मोठ्या मनाचे. पन माप भरलं न्हाई. पुढल्या साली येतो."

आणि खरोखर पुढल्या साली गेले. त्याच्या पुढल्या सालीही. दुष्काळ हटला, नळाला पाणी आलं, रिकाम्या हौदावर लोक कपडे वाळत घालायला लागले, मी बदली होऊन नांदेडला आले, माझं लग्न झालं, पण चैत्र आला की आप्पा-आक्का गोकर्णाला निघत. परत आले की गल्ली ओट्याशी जमे आणि मास्तर विचारत, "काय आप्पा, फिटला का?" आप्पा तिथूनच गर्जना करत, "कुठला फिटतो! ह्या बाईनं पुन्हा बसवलं!" आतून आक्कांचं हसू ऐकू येई. दर वर्षी जाताना आक्का शपथ घेऊन सांगत की यंदा भिणार नाही, आणि दर वर्षी नदीच्या मधोमध आप्पांचं धोतर धरत. न फिटणाऱ्या नवसावर एवढं खूश असलेलं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही.

एकदा मी त्यांना भेटायला गेले होते. आप्पा जिल्ह्याला चक्कर मारायला गेले होते. मी आक्कांना म्हणाले, "अजून भीती वाटते होडीची? इतक्यांदा गेलात."

आक्कांनी दाराकडे पाहून घेतलं. "भ्या कशाचं गं? ते तर दुसऱ्याच साली गेलं."

"मग धोतर का धरता?"

"न्हाई धरलं तर हे बसायचे न्हाईत," आक्का म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून पोरीसारख्या हसल्या.

आक्का गेल्या त्या ऐन थंडीत, झोपेतच. मला उशिरा कळलं. मी जाईपर्यंत चैत्र उलटून गेला होता. गल्लीत शिरले तर आप्पा नेहमीसारखे ओट्यावर उभे होते. "शरणार्थ" म्हणाले, पण ओरडले नाहीत. आदल्या दिवशीच गोकर्णाहून आले होते, एकटे. तेवढ्यात मास्तर बाहेर आले. ते आता थकले होते, निम्मं विसरत. आप्पांना पाहून त्यांनी सवयीनं हाळी दिली, "काय आप्पा, फिटला का?"

विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते तिथंच थबकले. शेजारणीही सूप हातात धरून उभ्या राहिल्या.

"फिटला," आप्पा म्हणाले. "कुनी धोतरच धरलं न्हाई."